एका दाबाचा ब्रेक

सन दोन हजार चारच्या ऑक्टोबर महिन्यात, एका मंगळवारी दुपारी तीन वाजता, भाईंदरच्या पश्चिमेस समुद्राकाठी असलेल्या चौक गावी, उताराच्या माथ्यावरील अंगणात धर्माचा वीस वर्षांचा ट्रक चाके काढून लाकडी ओंडक्यांवर उभा होता. पंधरा दिवसांपूर्वी याच उतारावर त्याच्या ब्रेकने दगा दिला आणि म्हावरं, म्हणजे मासळी, घेऊन बाजाराला निघालेल्या नऊ बायकांसह तो वळणावरच्या बांधावर आदळला. कोणी दगावले नाही. पण त्यांतल्या हंसाचा डावा हात अजून गळ्यात बांधलेला होता. त्या दिवसापासून एकही बाई ट्रकात चढली नव्हती. धर्माने पुढचे ड्रम काढून टाकून, मोडीत निघालेल्या एका अलीकडच्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवून घेतले. आज बायका पुन्हा बसतात की कायमच्या दुसऱ्याच्या टेम्पोत जातात, हे पाच वाजता बाजाराला निघताना ठरणार होते. हंसा तर तासाभरापासून कुंपणाशी ठाण मांडून पाहत होती.

“दाबा वहिनी... धरा... सोडा!” गाडीखालून महिपत ओरडला. भाईंदरच्या केबिन रोडवरचा हा रत्नागिरीकर मिस्त्री सकाळपासून ब्रेकच्या तेलातली हवा काढत होता.

“कवा पावेतो दाबू रं?” धर्माची बायको इंदुबाई चालकाच्या जागेवरून करवादली. “पयल्या दाबाला पाय चिखलान गेल्यासारका जातंय. तिसऱ्याला कुठं कडक लागतंय.”

महिपत हात पुसत बाहेर आला. “तीन बाटल्या ऑइल संपलं दादा. गळती नाही. पुढच्या चाकांना तर बुडबुडा एक येत नाही. जुनी गाडी आहे, दोन पंप मारून दाबायचं. लागतोय ना ब्रेक?”

“दोन पंप मारीपर्यंत बांद थांबल काय? मी एकदाच दाबीन. तवाच लागला पायजे,” धर्मा म्हणाला.

“बारा वर्षं हेच काम करतोय मी. मला शिकवू नका.”

“मग चाकां लाव नि माझे बाजूला बस. उतरू दोगं.”

महिपत पुन्हा हात पुसू लागला.

“बग गो इंदू,” हंसा कुंपणावरून म्हणाली, “मिस्त्रीला बाजारान जायाची घाई न्हाय!”

धर्मा पुढे आला. तो पुढच्या चाकाच्या जागी गुडघे टेकून बसला आणि बराच वेळ पाहत राहिला. तेलाची नळी कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला चिमटणाऱ्या जबड्याच्या, माथ्याशी शिरली होती. हवा काढायचे निपल तळाशी होते. खाजणातल्या भातशेतीच्या बांधाला पाणी सोडायची उघाडी असते, ती त्याने जन्मभर उघडली होती. पाणी तळातून निघून जाई आणि फेस वरच तरंगत राही.

“डाव्या अंगाचा उजवीकरं लावलास?” त्याने विचारले.

महिपतने मान वळवली. “जुनी नळी आखूड पडत होती. अदलाबदल केली तेव्हा पोचली.”

“आनि हवा वरतीच बसून ऱ्हायली!”

महिपतच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.  मग पाना घेऊन त्याने कॅलिपर सोडवला, दाबाने पॅड मिटू नयेत म्हणून मध्ये लाकडाची चीप सरकवली आणि निपल आभाळाकडे येईल असा तो उलटा धरला.

“वहिनी, दाबा.”

पहिल्यांदा नुसते तेल आले. दुसऱ्यांदा निपलला नळीने जोडलेल्या बाटलीत पांढरे बुडबुडे खळखळत सुटले. दुसऱ्या बाजूलाही तेच झाले.

“अगो बाय!” इंदुबाई ओरडली. “आता दगरावर पाय ठेवल्यासारका लागतंय!”

नळ्या आखूड म्हणून कॅलिपर होते तसेच परत बसवले आणि चाके चढली. कोणी न सांगता महिपत धर्माशेजारी येऊन बसला. रिकामा ट्रक उतारावर सुटला. वळण जवळ आले, वेग वाढला, महिपतचा हात दाराच्या कडीवर गेला. धर्माने एकदाच दाबले. टायर किंचाळले आणि बांध चार हात दूर राहिला.

वर परतल्यावर हंसा सरळ महिपतकडे आली. “ती हवेची तोटी अजून खालीच हाय ना?”

“हो मावशी. उद्या लांब नळ्या आणून सरळ करतोय.”

हंसाने एका हाताने आपली टोपली ट्रकात ढकलली.

“ब्रेक चांगला हाय,” ती म्हणाली. “आज म्हावरा गारीन जाईल, आमी बसनी जाऊ. मानसां उद्या.”