चढावरची जीप

सूर्यमाळच्या खालच्या पाड्यात चार चाकांचं वाहन एकच होतं, कान्हाची पेट्रोलची जुनी जीप. जंगलातल्या ठेकेदाराकडे त्याने उभं आयुष्य तीच चालवली. कामं बंद पडली तेव्हा ठेकेदार म्हणाला, "आता हिला तूच सांभाळ." तेव्हापासून बाळंतपण असो, कुणी झाडावरून पडलेलं असो, लोक कान्हाच्या दारात येत. जीप उठायची ती त्याच्याच हाताने. थंडीत चोक किती ओढायचा, चढावर पाय कधी सैल सोडायचा, हे त्याला विचार न करता कळे.

गेल्या वैशाखात त्याची बायको रखमी मोह वेचायला पहाटे गेली आणि पाल्याखालच्या घोणस सापाने तिच्या घोट्याला धरलं. कान्हाने तिला जीपमध्ये घालून मोखाडा गाठलं. तिथे सुई दिली, सलाईन लावलं आणि जव्हारला न्या म्हणून सांगितलं. रुग्णवाहिका दुसऱ्या कुणाला घेऊन गेलेली. वाट बघण्यापेक्षा आपलीच गाडी बरी, म्हणून तो निघाला. ऊन तोवर चांगलंच चढलं होतं. जव्हारच्या वाटेवरच्या मोठ्या चढात जीपने दोन झटके दिले आणि ती थांबली.

कान्हाने बॉनेट उघडलं. अंगातला सदरा काढून पाण्यात बुडवला आणि पेट्रोलच्या नळीवर गुंडाळला. नळीत फुंकर घातली, स्टार्टर मारला, पुन्हा पाणी ओतलं. मागून रखमी एकदाच म्हणाली, "होईल ना रं चालू?" तो "होईल" म्हणाला. पुढे एक टेम्पो आला, त्यात तिला घातलं. जव्हारच्या दारात टेम्पो पोचला तेव्हा तिने मान टाकली होती.

मुलगा रोहिदास भिवंडीच्या गॅरेजात मेकॅनिक. आईचे दिवस करून तो परत गेला तो फार काही न बोलता. बापाला दोष दिला नाही, आणि दोष नाही असंही म्हणाला नाही. कान्हा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला होता.

भाताची कापणी उरकली आणि रोहिदास दोन खोकी घेऊन आला. आंब्याखाली ताडपत्री अंथरून त्याने एकेक वस्तू मांडली. पंप, वायरींचा जुडगा, सेन्सर, काळ्या डब्यातला छोटा कॉम्प्युटर.

"हे कशाला?" कान्हाने विचारलं.

"जीपला इंजेक्शन बसवतो. कार्बोरेटर काढायचा, पेट्रोल हा डबा मोजून सोडील."

"चालती हाय ना ती."

रोहिदास पाना शोधत राहिला. मग म्हणाला, "चढावर बंद पडते."

कान्हा उठला. टाकी उतरवायला त्याने हात लावला. आतून गंजाचा लाल गाळ निघाला. रोहिदासने खडी आणि पाणी घालून टाकी हलवून हलवून धुतली. कार्बोरेटर काढायची वेळ आली तेव्हा त्याने पाना बापाच्या हातात दिला. "तू काढ." कान्हाची बोटं आपसूक नटांवर गेली. ते यंत्र त्याने इतक्यांदा उघडून साफ केलं होतं की डोळे मिटूनही जोडलं असतं. त्याने ते काढलं आणि ताडपत्रीवर ठेवलं. त्या जागी रोहिदासने नवा भाग बसवला. पुढच्या पुलीवर इंजिनाच्या फेऱ्या मोजायला दातेरी चकती लावली, सायलेन्सरच्या पाइपाला भोक पाडून खोडाळ्याहून वेल्डिंग करून आणलं, तिथे एक सेन्सर घट्ट केला.

पेट्रोलच्या नळ्या जोडताना कान्हाने विचारलं, "आता काय वेगळं होईल?"

"जुना पंप इंजिनाला चिकटलेला होता, तो पेट्रोल ओढायचा. इंजिन तापलं की नळीत पेट्रोलची वाफ व्हायची, आणि वाफ काय ओढणार? आता पंप टाकीत. तिथून जोरात ढकलतो, उरलेलं परत टाकीत जातं. नळीत वाफ धरत नाय."

"कितीबी ऊन असलं तरी?"

"कितीबी."

कान्हा नळी धरून उभा राहिला. रोहिदासने क्लिप आवळली, पुन्हा आवळली, आवळून झालेलीच पुन्हा तपासली. दोघांनीही मान वर केली नाही.

लॅपटॉप मांडीवर घेऊन रोहिदासने आकडे बदलले आणि चावी फिरवायला सांगितलं. टाकीत पंप गुणगुणला, इंजिन पहिल्याच फेरीत लागलं. ना धडपड, ना धूर. पाड्यातली माणसं टाळ्या वाजवायला लागली. रोहिदास हसला, आई गेल्यापासून पहिल्यांदाच. कान्हाही हसला. पण चोकची दांडी जिथून काढली होती तिथे त्याचा हात दोनदा जाऊन आला.

पुन्हा वैशाख आला. एका दुपारी शेजारची मालू धावत आली. तिची सून निशा कळा देत होती, आणि मुलगा मुकेश खोडाळ्याच्या मालकाच्या पिकअपवर भाडं घेऊन नाशिकला गेलेला. "कान्हादादा, चल रं लवकर."

मोखाड्यात तपासून निशाला जव्हारला न्यायला सांगितलं. मूल आडवं होतं. ऊन तसंच होतं, वाटही तीच. चढ आला तसा कान्हाचा पाय आपोआप सैल झाला. पुढच्या क्षणी झटका येणार म्हणून त्याने दात आवळले. झटका आला नाही. ज्या दरडीपाशी त्याने सदरा भिजवला होता ती बाजूने गेली. इंजिनाचा आवाज एका सुरात होता. वर पोचल्यावर त्याने आवळलेले दात सोडले.

निशाचं पोट फाडून मुलगी काढली. दोघी वाचल्या. मालूने बाहेर येऊन कान्हाचे पाय धरले. "तुझी जीप होती म्हणून रं दादा."

त्याने पाय मागे घेतले. आवाराच्या भिंतीशी जाऊन त्याने रोहिदासला फोन लावला.

"मालूच्या सुनेला जव्हारला आणलं. बंद नाय पडली," तो म्हणाला.

"बरं झालं बाबा. पोर कशी हाय?"

"बरी हाय." मग थोडं थांबून, "रोहिदास, त्या दिवशी मोखाड्यात मी गाडी उन्हात उभी केली. बॉनेट उघडून ठेवलं असतं, तर?"

पलीकडे गॅरेजातली ठोकाठोक ऐकू येत होती.

"माहीत नाय बाबा," रोहिदास म्हणाला. "खरंच माहीत नाय."

वर्षभर कान्हाने आपल्याला समजावलं होतं की जीप म्हातारी, ऊन कडक, वेळ वाईट, त्यात माणसाचं काही चालत नाही. आता दुरुस्त होणारी गोष्ट दुरुस्त झाली होती, म्हणजे ती आधीही होऊ शकली असती, आणि समजावायला काही उरलं नव्हतं. निशाची आई तिच्याजवळ येऊन बसल्यावर त्याने मालूला मागे बसवलं आणि तो पाड्यावर आला. वाटेत ती बाळाच्या नाकाडोळ्यांविषयी बोलत होती. त्याने हूं हूं केलं.

मुकेश नाशिकहून परतला तसा कान्हाने त्याला बोलावून चावी दिली. "तुला चालवता येते. लोकांना तूच ने."

"आणि तू दादा?"

"माझा हात कापतो."

त्याचा हात कापत नव्हता, हे मुकेशलाही दिसत होतं. पण त्याने चावी घेतली. त्या पावसाळ्यात जीपने तापाने फणफणलेली दोन पोरं आणि पाय मोडलेली एक म्हातारी जव्हारला पोचवली. एकदाही अडली नाही. ती निघताना कान्हा नाचणीच्या शेतात असला तर वाकूनच राही.

गणपतीत रोहिदास आला. जीप मुकेशच्या अंगणात बघून त्याने विचारलं, "काय बिघडलं का तिचं?"

"नाय. लय चांगली केलीस तू." कान्हा ओट्यावर बसला होता. "मलाच बसवत नाय तिच्यात."

रोहिदासने एकदा जीपकडे पाहिलं. मग त्याने पिशवी खाली ठेवली, आत जाऊन चूल पेटवली आणि दोघांसाठी चहा टाकला.