तीर्थातला कांदा

कोल्हारला प्रवरेच्या काठी मंगळवारी पाय ठेवायला जागा नसायची. गोरक्षबाबा काचेचे दोन ग्लास उंच धरायचा. प्रत्येकावर एक कांदा बसवलेला. नदीच्या पाण्यातल्या कांद्याला लांबसडक पांढऱ्या मुळ्या फुटलेल्या. बाबाच्या तीर्थातल्या कांद्याच्या मात्र आखूड, टोकाशी सुजून थांबलेल्या.

"बगा, माउली! कांद्याची वाढ थांबली, तशी तुमच्या अंगातली गाठ थांबंल! डाक्टर कापतो, बाबा थांबवतो!"

काय तो आवाज, काय तो थाट! लोक हात जोडायचे. त्यात मालनबाईही. तिच्या छातीत गाठ होती. नगरच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळालेली. ती तिनं चुकवली आणि रोज चमचाभर तीर्थ घ्यायला लागली. तिची लेक दीपा श्रीरामपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिनं हातापाया पडून पाहिलं, आई ढिम्म.

मग आईला जुलाब लागले. एका सकाळी फणीत केसांचा पुंजकाच आला.

"बाबा म्हनलं, पाप गळतंय," मालनबाई म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दीपाला तीर्थाचाच संशय आला. कांद्यात हातचलाखी नसेल, तर ते त्याहून भयंकर होतं! तिनं तीर्थाची बाटली कॉलेजात नेली, त्यात कांदा ठेवला आणि मुळीचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पेशी विभागता विभागता मध्येच अडकलेल्या. हेच दृश्य ती दरवर्षी मुलांना एक रसायन वापरून दाखवायची. ते रसायन निघतं कळलावी नावाच्या वेलीच्या विषारी कंदातून.

पुढच्या मंगळवारी ती थेट बाबाच्या राहुटीत शिरली, कोपऱ्यातलं कंदांचं पोतं ओढत आणलं आणि गर्दीपुढं उपडं केलं.

"अगं बया! ही तर कळलावी!" मालनबाईची शेजारीण लंकाबाई गर्दीतून ओरडली. "अडलेल्या बाईच्या हातापायाला बांधतो आमी, न् मूल झालं की लगीच सोडून फेकतो. हे जहर पोटात कोन घेतं का!"

"देवाची मुळी हाय ती!" बाबा गुरकावला, पण पाय मागं मागं सरकत होते.

"ऐका," दीपा म्हणाली. "एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आत आधी धागे ताणले जातात. मग एक विकर, म्हणजे एन्झाइम, कात्रीसारखं चालतं आणि वाटणी होते. हे विष धागेच जुळू देत नाही, म्हणून कात्रीला हुकूमच मिळत नाही. पण विषाला गाठ कुठली, केस कुठले, रक्त कुठलं, काय कळतंय? गाठीच्या आधी माणूसच संपेल!"

बाबानं नदीची वाट धरली. मालनबाईला त्याच दिवशी नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्त फार उतरलंय, ऑपरेशन आत्ता झेपणार नाही. गाठ मात्र वाढली आहे.

"पन कांदा तर खराच थांबला हुता, दीपे," खाटेवरून आई पुटपुटली.

"थांबला नव्हता, आई. मरत होता."

मालनबाईनं लेकीचा हात घट्ट धरला आणि ती रडायला लागली.

डोळ्यांदेखत घडलं तरी हात जोडण्याआधी विचारा, हे कशानं झालं? मालनबाईला हे उमगलं, पण फार उशिरा.