आवाज जाण्याआधी

"म्हणजे मला अजिबात बोलता येणार नाही?" माईकबाईंनी विचारलं, आणि स्वतःचाच घोगरा आवाज कानावर पडून त्या दचकल्या.

डॉक्टरीणबाई त्यांना लेक असती तर तिच्या वयाच्या. त्यांनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. गाठ स्वरयंत्रातच आहे, त्यामुळे स्वरयंत्र काढावं लागेल. श्वासासाठी गळ्याला एक छिद्र कायमचं ठेवावं लागेल. पुढे सराव करून, यंत्र लावून थोडंफार बोलता येतं. पण हा आवाज, जो आता आहे तो, राहणार नाही. त्यांच्या बोलण्यातला 'छिद्र' एवढा एकच शब्द माईकबाईंच्या डोक्यात शिरला आणि तिथेच अडकून बसला. शेजारच्या खुर्चीवर नवरा होता. त्याने फक्त एवढंच विचारलं, "वाचेल ना?"

"वेळेत आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाईंची सगळी नोकरी बस स्थानकात गेली होती. एका काचेच्या खोलीत बसून गाड्यांची घोषणा करायची. चेहरा कुणी ओळखत नसे, पण भाजीवाल्यापुढे उभं राहून भाव विचारला की माणसं वळून बघत आणि म्हणत, तुम्हीच ना त्या? 'माईकबाई' हे नाव ड्रायव्हर-कंडक्टरांनी ठेवलेलं, ते निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. चर्चमध्ये तर त्या आवाजाला मान होता. लग्न असो, बारसं असो, नव्या घरात पाऊल टाकायचं असो की कुणाला माती द्यायची असो, प्रार्थना माईकबाईंनीच करायची. त्या डोळे मिटून उभ्या राहत, क्षणभर थांबत, आणि मग शब्द असे ओघाने येत की मागच्या बाकावरच्या बायकासुद्धा पदर डोळ्यांना लावत. बाई आमच्या मंडळीचा खांब आहेत, असं पाळकसाहेब चारचौघांत म्हणत.

नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. तो उपासनेला उशिरा यायचा, दाराजवळ बसायचा आणि नखांतलं तेल दिसू नये म्हणून मुठी मिटून ठेवायचा. घरी येताना बाई त्याला न चुकता विचारत, "कशी झाली आज?" प्रवचन कसं झालं, असं त्यांना विचारायचं नसे. तोही ते ओळखून होता. "फार छान झाली," तो म्हणायचा. एकदा शेजारणीचं लहान मूल गेलं, तेव्हा कबरीपाशी बाईंनी केलेल्या प्रार्थनेने सगळा जमाव हुंदके देऊन रडला. त्याही दिवशी, चपला काढता काढता, त्यांनी विचारलं होतं, "कशी झाली?"

तपासणीहून आल्यावर नवरा दुकान उघडायला गेला आणि बाई घरात एकट्या उरल्या. दुसऱ्या कुणावर असा प्रसंग असता तर त्या केव्हाच धावून गेल्या असत्या. त्यांनी खिडकी लोटली, खुर्ची ओढली, हात जोडले आणि सुरुवात केली. 'हे करुणासागरा, तुझ्या अपार दयेच्या छायेत आम्ही...' इथे त्या थांबल्या. आम्ही कोण? घरात दुसरं कुणीच नव्हतं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. वाक्यं रांगेत उभी होती, एकामागून एक येत होती, आणि प्रत्येक वाक्य मनात उमटताच त्यांचाच कान, तो जुना सरावलेला कान, ते तपासून बघत होता: बरं वाटतंय का, 'छायेत'पेक्षा 'सावलीत' बरं का. कुणी ऐकत नसताना आपण कधी प्रार्थना केली आहे, हे त्या आठवू लागल्या. भाजी निवडताना केली होती. पण ती रविवारची तयारी होती. अंघोळ करताना केली होती, तीही तयारीच. जन्मभर गाडीची घोषणा करावी आणि गाडी फलाटावर आली आहे की नाही हे एकदाही काचेतून वाकून बघू नये, तसं झालं होतं. गाठीची भीती एकीकडे राहिली. ही भीती तिच्याहून मोठी होती.

संध्याकाळी नवरा ओट्यापाशी बसून कुणाच्या तरी मशिनचा सुटा भाग पुसत होता. बाईंनी त्याला सांगून टाकलं. "अहो, मला प्रार्थना होत नाही."

"दमलीस तू."

"दमले नाही. होतच नाही. कधी झाली होती का, तेही कळत नाही."

त्याने हातातला भाग खाली ठेवला. बाईंना वाटलं होतं, तो हसण्यावारी नेईल. पण त्याचा चेहरा उतरला. "अगं, मग माझं काय? मला कुठे काय येतं? मी आपला तुझ्यामागे आमेन म्हणत आलो. मला वाटायचं, तुझं पोचतं, त्यात माझंही जात असेल."

त्या उठून भांडी विसळू लागल्या. आपल्याबरोबर या माणसालाही आपण वाऱ्यावर सोडलं, असं त्यांना वाटलं. रात्रभर दोघं एकमेकांना झोप लागल्याचं सोंग दाखवत पडून राहिली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांना दवाखान्यात भरती केलं. चहाच्या वेळेला पाळकसाहेब आणि भगिनी मंडळाच्या बायका भेटायला आल्या. खाट खिडकीजवळ होती, मधे पातळ पडदा होता आणि पलीकडच्या खाटेवरच्या आजी उघड्या डोळ्यांनी हे सगळं बघत होत्या. पाळकसाहेबांनी धीराच्या चार गोष्टी सांगितल्या. ते मनाचे चांगले होते आणि कानकोंडे झाले होते. मग मंडळाच्या सेक्रेटरीबाई पुढे आल्या. त्यांनी पिशवीतून फोन काढला. त्यांचं म्हणणं असं की ताईंनी आज स्वतःच प्रार्थना करावी, आपण ती टिपून ठेवू. "आवाज तरी राहील आमच्याजवळ," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले.

सगळ्या उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी पलीकडच्या आजींना खुणेने गप्प राहायला सांगितलं, खरं तर आजी बोलतच नव्हत्या. बाई उशीला टेकून बसल्या. त्यांनी डोळे मिटले, क्षणभर थांबल्या आणि घोगऱ्या आवाजात सुरुवात केली. "हे स्वर्गीय पित्या, वादळात तूच आमचा आसरा, अंधारात तूच आमचा दिवा..." एक बाई मुसमुसली. ते मुसमुसणं बाईंनी ऐकलं, आणि ते ऐकून आपल्याला बरं वाटलं, हेही त्यांच्या ध्यानात आलं. उद्या गळा कापला जाणार होता आणि आज आपल्याला हे बरं वाटत होतं. त्यांनी डोळे उघडले. फोन त्यांच्या तोंडासमोर होता.

"ताई?" सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"मला भीती वाटते," बाई म्हणाल्या. "मला प्रार्थना येत नाही. मी तुम्हाला ऐकवत होते."

पाळकसाहेबांनी घाईघाईने स्वतःच दोन वाक्यांची प्रार्थना उरकली, अशक्तपणा आहे, विश्रांती हवी, असं म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. सेक्रेटरीबाईंनी फोन पिशवीत टाकला. दाराबाहेर पडता पडता त्यांचं बोलणं आत आलं: "वेळ आली की कळतं कुणाचा विश्वास किती ते." नवऱ्याने ते ऐकलं. त्याने उठून पडदा ओढला आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसला. बाईंकडे मात्र त्याने बघितलं नाही.

थोड्या वेळाने बाई न्हाणीघरात गेल्या. आतून कडी लावली. तिथे एक बादली होती, भिंतीला ओल आली होती, पायाखालची फरशी निसरडी होती. त्यांनी नळ सोडला. आपलं बोलणं कुणाच्या कानावर पडू नये म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच काही केलं होतं. मग भिंतीला हात टेकून त्या पुटपुटल्या. "तू आहेस का, मला माहीत नाही. मी तुझ्याशी बोललेच नाही कधी. आता आवाज जाणार. मला मरायचं नाही. मला भीती वाटते. मला भीती वाटते. आमच्या ह्यांना एकटं टाकू नकोस, त्यांना साधा भात लावता येत नाही." शब्दांचा काही मेळ नव्हता. रडताना नाक वाहत होतं, ते त्यांनी पदराने पुसलं. कुणी उत्तर दिलं नाही. भीती जशीच्या तशी होती. पण ऐकणारा तो कान गप्प होता, आणि त्यामुळे तिथे फार एकटं वाटत होतं. फार खरंही वाटत होतं. बादली भरून पाणी वाहू लागलं तरी त्या तिथेच उभ्या होत्या. शेवटी नर्सने दार वाजवलं, आत बरं आहे ना म्हणून विचारलं.

सकाळी ढकलगाडी आली. नवरा गाडीचा दांडा धरून बरोबर चालत होता. मोठ्या दारापाशी वॉर्डबॉयने त्याला थांबवलं, इथून पुढे नाही. तो वाकला. त्याच्या तोंडाला कालपासून काही न खाल्ल्याचा वास येत होता.

"मी करू का?" त्याने विचारलं.

बाईंनी मानेने हो म्हटलं.

त्याने डोळे मिटले नाहीत. "बापा," तो म्हणाला, "ही माझी बायको आहे." मग त्याचे ओठ हलत राहिले, पण पुढचं काही येईना. वॉर्डबॉय घड्याळाकडे बघत होता. "ही माझी बायको आहे," तो पुन्हा म्हणाला आणि अडकला तो अडकलाच.

"आमेन," बाई म्हणाल्या. त्यांच्या मूळ आवाजातला तो शेवटचा शब्द. गाडी आत गेली.

पुढचे दिवस वाईट गेले. पहिल्यांदा जाग आली तेव्हा त्या ओरडायला गेल्या आणि गळ्यातून नुसती हवा सुटली. आपण बुडतोय असं वाटून त्यांनी नर्सचा हात ओरबाडला. पुढे घरी आल्यावरही झोपेत श्वास अडल्यासारखा होई आणि त्या ताडकन उठून बसत. नवरा दिवा लावी, छिद्रावरचं फडकं नीट करी आणि त्या पुन्हा आडव्या होईपर्यंत शेजारी बसून राही. तो भात लावायला शिकला, पण तो बहुतेक वेळा तळाला लागायचा.

रविवारी त्या गळ्याला पांढरा रुमाल बांधून चर्चला जात. आता प्रार्थना सेक्रेटरीबाई करत. बाईंचीच वाक्यं, बाईंचेच थांबे. पहिले काही रविवार बाईंना मत्सराने बसवत नसे. हेही त्या मनातल्या मनात देवाला सांगत, न्हाणीघरातल्यासारख्याच बेशिस्त, आवाज नसलेल्या शब्दांत. लोक म्हणत, ताईंचा विश्वास डळमळला, बघा, ओठसुद्धा हलत नाहीत. नवऱ्याच्या कानावर आलं तेव्हा त्याने बाईंना विचारलं, मी बोलू का त्यांच्याशी? बाईंनी हातानेच नको म्हटलं.

वर्ष उलटल्यावर त्या नवऱ्याबरोबर तपासणीला गेल्या. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर गर्दी होती. शेजारी एक बाई बसली होती, पन्नाशीची, पायांत दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला. घाईत निघाली असावी. तिच्याबरोबरचा भाऊ औषधाच्या खिडकीशी गेला होता. तिने माईकबाईंच्या गळ्यावरचा रुमाल बघितला, बराच वेळ बघितला, आणि मग धीर करून हळूच विचारलं, "बाई, खूप त्रास होतो का हो?"

माईकबाईंनी रुमालाकडे बोट दाखवून बोलता येत नाही अशी खूण केली. ती बाई आणखीच घाबरली. होतो म्हणावं की नाही म्हणावं, हे बाईंना ठरवता येईना. खोटं सांगायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. तो घामाने ओला होता. त्यांनी डोळे मिटले नाहीत, मान झुकवली नाही. समोरून एक माणूस फरशी पुसत गेला, एक मूल रडत होतं, कुणीतरी चिठ्ठी हरवली म्हणून कुरकुरत होतं. त्या सरळ समोर बघत बसल्या होत्या. बघणाऱ्याला वाटलं असतं, दोन बहिणी नंबर यायची वाट बघतायत.

नर्सने त्या बाईचं नाव पुकारलं. ती उठली, पण हात सोडेना. भाऊ अजून खिडकीशीच होता. माईकबाईंनी आपली पिशवी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि तिच्याबरोबर त्याही आत गेल्या.