वर टिपा, खाली संवाद

जपानी कार्टूनला कार्टून म्हटलं की सेन्सेईचं तोंड आंबट व्हायचं. “ॲनिमे म्हणा,” तो सांगायचा. सेन्सेई म्हणजे जपानीत गुरुजी. ही पदवी त्याला कोणी दिली नव्हती, त्याने ती स्वतःच घेतली होती. परत मागणारं कोणी नसल्यामुळे ती त्याच्याकडे राहिली. पोटासाठी तो पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मीटरच्या नोंदी ठेवायचा, आणि उरलेल्या वेळात हौशी सबटायटल करणाऱ्या एका गटाचा प्रमुख असायचा.

गटात माणसं तीन. दुकानात गिऱ्हाईक नसलं की केमिस्ट प्रत्येक ओळ कितव्या सेकंदाला यावी आणि कितव्याला जावी ते बसवायचा. जपानी येत होतं फक्त सेन्सेईच्या थोरल्या बहिणीला. ताईने यंत्रांच्या कारखान्यात अकरा वर्षं जपानी पत्रव्यवहार सांभाळला होता; कारखाना बंद पडला आणि ती भावाच्या बैठकीच्या खोलीत आली. कानाला हेडफोन लावून ती एक भाग दोन तासांत मराठीत उतरवायची. मग त्याच भागावर सेन्सेई आठ दिवस बसायचा.

आठ दिवस करायचा काय? टिपा. खाली ताईचा संवाद, वर सेन्सेईची टीप. कोणी चप्पल काढली की टीप, कोणी छत्री झटकली की टीप. एकदा नायकाचा बाप शेवटचे श्वास घेत होता, तेव्हा वर सहा ओळी होत्या, उशीत कोणत्या धान्याची टरफलं भरतात यावर. बाप कधी गेला ते कोणाला कळलंच नाही. शेवटी मोठ्या अक्षरांत: भाषांतर, संपादन, टिपा – सेन्सेई. वेळ – केमिस्ट. साहाय्य – ताई.

अशा गटाला एके दिवशी खऱ्या कंपनीचं पत्र आलं. अधिकृत मराठी सबटायटलसाठी कायमचा माणूस हवा होता. गटाच्या भाषांतरकाराला भेटीला बोलावलं होतं.

“मी जातो,” सेन्सेई म्हणाला. “ग्रुपचा चेहरा मीच ना.”

“आणि त्यांनी तिथेच भाषांतर करायला लावलं तर?”

“म्हणून तर तुला नेतोय, ताई. फाइल धरायला.”

ताईला ती नोकरी हवी होती. रोज सकाळी आपलं अंथरूण गुंडाळून सोफ्यामागे लपवायचं, आणि वर वहिनीला “झोप छान लागली” असं सांगायचं, याचा तिला वीट आला होता. पण पत्र गटाच्या नावावर, आणि गट भावाच्या नावावर. तिने फाइल उचलली.

कंपनीच्या खोलीत चष्म्यातल्या एक बाई होत्या. या दोघांनी आधी न पाहिलेला एक तुकडा त्यांनी लावला. स्टेशनावर एक मुलगी बापाला काहीतरी सांगते आणि पाठ फिरवते. बस्स, एवढंच.

“थांबवा!” सेन्सेई ओरडला. “मागे तो निळा फलक दिसतोय का? आता, या फलकाला इतिहास आहे.”

इतिहास झाला. मग बापाच्या टोपीचा झाला. मग वाकून नमस्कार करण्याचे प्रकार झाले, प्रात्यक्षिकासह. त्यात टेबलावरचा पाण्याचा पेला आडवा झाला.

बाईंनी कागद सावरले. “छान. पण मुलगी काय म्हणते?”

“त्यावर येतोच. त्याआधी प्रेक्षकाची तयारी—”

“नाही, म्हणते काय ती?”

सेन्सेईने बहिणीकडे पाहिलं. एरवी तो बघायचा आणि ती पुटपुटायची, हीच तर गटाची पद्धत. ताईने फाइल टेबलावर ठेवली आणि थेट बाईंना सांगितलं, “‘बाबा, उद्यापासून न्यायला येऊ नका. माझी मी येईन.’”

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “तुम्ही कोण?”

“साहाय्य,” ताई म्हणाली.

महिन्याभरात ताई आपल्या भाड्याच्या खोलीत राहायला गेली. नाचता येईना त्याला अंगण वाकडंच. सेन्सेईच्या मते कंपनीला दर्जा झेपला नव्हता. पुढचा भाग गटाने ताईशिवाय काढला.

“अरे, खाली ओळीच नाहीत,” केमिस्ट म्हणाला. “मी बसवू काय?”

“टिपा बसव.”

एकशे चौदा टिपा बसल्या, संवाद एकही नाही. खाली चाहत्यांनी लिहिलं, ‘किती सखोल काम!’ एकाने तर लिहिलं की भाग तिसऱ्यांदा पाहतोय, अजून नीटसा उमगला नाही, हीच खरी कलाकृती. सेन्सेईने त्याला मानाचं पान दिलं, म्हणजे उत्तर लिहिलं.

मग ताईची पहिली अधिकृत मालिका आली. चुका टिपायला सेन्सेई वही घेऊन बसला. चोवीस मिनिटं त्याने एकदाही थांबवलं नाही. वही कोरी राहिली. लगेच दुसरा भाग लावला. सगळे भाग संपले तेव्हा गटाच्या पानावर त्याने आपला अभिप्राय नोंदवला: ‘भाषांतर उथळ आहे. सगळं जागच्या जागी समजतं.’

चाहत्यांनी एकमताने होकार भरला. त्यातला एकजण मात्र आडून आडून विचारत होता, ताईची पुढची मालिका कधी आहे म्हणून. तो केमिस्ट होता.