अण्णांचा फोन

बारावीला मला एकसष्ट टक्के पडले. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात माझं नाव निघालं की पाठोपाठ हा आकडा निघतो. पुण्याच्या ज्या निवासी विद्यापीठातून नव्वदवाले तोंड पाडून परत येतात, तिथे माझी निवड झाली, तीही शिष्यवृत्तीसकट. गावाने अभिनंदन केलं नाही. गावाने विचारलं, वशिला कुणाचा?

फाट्यावर बंकटचं चहाचं हॉटेल आहे. त्याने चारचौघांत हाक मारली. "धने, खरं सांग, कुणाचा फोन गेलता?"

"कुणाचा न्हाई. अर्ज केला, मुलाखत दिली."

"एकसष्टला?" तो म्हणाला आणि बाकड्यावरचे सगळे दात काढून हसले. त्यातल्या अर्ध्यांची पोरं दहावीला दोनदा बसलेली. पण ते सांगून उपयोग नव्हता, नाक खुपसायला टक्केवारी लागत नाही.

आठवड्याच्या आत मांजरसुंब्याच्या चौकात फ्लेक्स लागला. वर विजयसिंह अण्णांचं तोंड, गाडीच्या चाकाएवढं, डोळ्यांवर काळा चष्मा. खाली कोपऱ्यात माझा दहावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो, लिंबाएवढा. मधोमध लिहिलं होतं, 'अण्णांच्या अथक प्रयत्नांतून मेंढपाळाच्या लेकीला पुण्यात प्रवेश'. मी एसटीच्या खिडकीतून ते वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अण्णा म्हणजे जिल्हा परिषदेचे माजी सदस्य आणि आमच्या शिवारातल्या निम्म्या जमिनीचे मालक. पीक निघालं की त्यांच्या मोकळ्या रानात माझ्या बापाच्या, म्हणजे धुळाजीच्या, मेंढ्या रात्रीच्या बसतात. मेंढ्यांच्या लेंड्यांनी आणि मुताने रान असं पिकतं की खताची गोणी आणायला नको. दुसरीकडे शेतकरी याबद्दल मेंढपाळाला धान्य देतात, घरी बोलावून जेवू घालतात. अण्णा काही देत नाहीत. वर म्हणतात, "बसू देतो, हे काय कमी हाय?" आणि माझा बाप हात जोडतो.

विद्यापीठाच्या अर्जात एक निबंध होता. तुमच्या भोवती सगळे मान्य करतात, पण तुम्हाला पटत नाही, अशी एक गोष्ट लिहा. मी हीच लिहिली. खत आमचं, रान त्यांचं, मग उपकार कुणाचे कुणावर? मुलाखतीत एका मॅडमनी विचारलं, "मार्क इतके साधारण का?"

मी म्हणाले, "दिवाळी झाली की आम्ही मेंढ्यांमागे बाहेर असतो. माझं अर्धं वर्ष शाळेबाहेर जातं. उरलेल्या अर्ध्याचे हे मार्क आहेत."

"तुमच्या लिहिण्यात खूप राग आहे."

"आहे."

"त्याचं काय करता?"

"अजून काही नाही. म्हणून तर इथे आले."

त्या मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मग तासभर आम्ही भांडल्यासारखं बोललो. इतकं मनासारखं मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते.

त्या दिवशी बाहेर बाकावर अंगद बसला होता, अण्णांचा मुलगा. एक्क्याण्णव टक्के, लातूरचा क्लास, कडक इस्त्रीचा शर्ट. मला बघून तो दचकला. अण्णा खाली गाडीपाशी होते, त्यांना मी दिसले नाही. अंगदची निवड झाली नाही. अण्णांनी गावात सांगितलं, पोराला बाहेर पाठवायचंच नाही, राजकारणात लागतो. मी गप्प बसले. अंगदशी माझं काही वाकडं नव्हतं, एका वर्गात होतो आम्ही.

फ्लेक्स बघून घरी आले ती तणतणतच. बाप कोकरांना पाला घालत होता.

"आबा, अण्णांनी काय केलंय माझ्यासाठी?"

त्याने मान वर केली नाही. "तुजी मुलाखत झाली, तवा मी गेलतो त्यांच्याकडं. त्यांनी लगेच मोबाईल काढला, वसरीत जाऊन बोलले आन म्हनले, झालं समज. लई उपकार हायेत."

"कुणाला लावला फोन?"

"मला काय कळतं त्यातलं? झालं ना तुजं काम?"

"ते मी केलंय!"

माय भाकरी थापता थापता ओरडली, "तोंड आवर. ज्याच्या रानात ऱ्हायचं, त्याच्याशी वाकडं कावून घ्यायचं?"

बापाला वाटत होतं, लेकीच्या अंगात काही नव्हतं, अण्णांच्या फोनात होतं. बंकट काय म्हणतो याने मला फरक पडत नव्हता. बापाने असं समजावं, हे मात्र सहन होत नव्हतं. पुण्याला जायचं ते हे ओझं डोक्यावर घेऊन जायचं, या विचाराने जेवण जाईना.

रविवारी अण्णांच्या बंगल्यासमोर मांडव घालून माझा सत्कार ठेवला. मला जायचं नव्हतं, पण बापाने धुतलेलं धोतर नेसलं होतं, मग गेले. फाटकातून आत शिरते तोच कोपऱ्यातल्या कडुलिंबाखालून ओळखीचं बेंबाटणं ऐकू आलं. तिथे आमचा मेंढा बांधला होता, राजा. त्याची आई मेली तेव्हा मी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. महिन्यामागे तो दिसेना झाला, तेव्हा बाप म्हणाला होता, बाजारात विकला.

"सत्कार झाला की त्याचीच पंगत हाय," खुर्च्या लावणारा बंकट खुशीत म्हणाला.

मी बापाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. "एवढं मोठं काम केलं त्यांनी. रिकाम्या हातानं कसं यायचं, धने?"

मला रडू नाही आलं. माझं डोकं फिरलं.

अण्णांनी भाषण ठोकलं. "एकसष्ट टक्क्याला पुण्यात झाडू मारायला बी कुणी ठेवत न्हाई. पण गरिबाची पोर हाय म्हनून आपन शब्द टाकला." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत माझा बाप हात जोडून बसला होता. ते जोडलेले हात मी अजून विसरले नाही.

माझ्या गळ्यात हार घालून माईक हातात दिला.

"अण्णा," मी म्हणाले, "तुमी फोन कुणाला केलता? नाव सांगा. मला त्यांचे आभार मानायचेत."

अण्णा मोठ्याने हसले. "अशा गोष्टी माईकवर सांगत नसतात, पोरी." मांडवही हसला. बापसुद्धा हसला, बिचारा, अण्णा हसले म्हणून.

"मग अंगदसाठी कावून न्हाई केला?"

हसू थांबलं.

"अंगद बी तिथं मुलाखतीला आलता. त्याला एक्क्याण्णव टक्के हायेत. त्याला न्हाई घेतलं. तुमचा फोन चालतो, तर पोटच्या पोरासाठी कावून न्हाई लावला?"

खुर्च्यांच्या कडेला उभा असलेला अंगद पांढराफटक पडला आणि बंगल्यात निघून गेला. त्याचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं. त्याच्या बापाचं कणभर वाटत नाही.

अण्णांनी माईक हिसकावला. "धुळाजी, पोरीला आवर! आन मेंढरं उचल माज्या रानातून, आजच्या आज. परत या शिवारात दिसलास तर याद राख."

बाप उठला. मला वाटलं, आता हा पाया पडणार. तो स्टेजच्या खाली येऊन उभा राहिला.

"अण्णा, फोन केलता का न्हाई?"

"याला भाईर काढा रे!"

"तेवढं सांगा. केलता का न्हाई?"

अण्णांनी तोंड फिरवलं. जन्मात पहिल्यांदा त्याचे हात अण्णांसमोर जोडलेले नव्हते.

"मग माजा मेंढा द्या," तो म्हणाला.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाप कुणाकडे न बघता लिंबाकडे निघाला. बंकट आडवा आला. बापाने काठी उगारली नाही, नुसती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बंकट बाजूला झाला. बापाने गाठ सोडली आणि खुर्च्यांच्या मधून, पाहुण्यांसाठी अंथरलेल्या लाल सतरंजीवरून राजाला घेऊन निघाला. राजाने चालता चालता सतरंजीभर लेंड्या टाकल्या. तेही खत अण्णांना फुकटच मिळालं.

मी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि मागोमाग गेले. फाटकाबाहेर आल्यावर बाप थांबला.

"एकसष्टलाच घेतलं तुला?"

"हो."

"कुणाचा फोनबिन न्हाई?"

"न्हाई, आबा."

त्याने राजाचं दावं माझ्या हातात दिलं. "तू याला घरला ने, तुजा हाय," तो म्हणाला. "मी फुडं जातो. उजेड हाय तवर रान मोकळं करायला पायजे."