मेलेल्या बोर्डाचा नंबर

बाबांचा श्वास भिंतीतल्या प्लगवर चालतो. गळ्यात नळी असल्यामुळे ते पाटीवर लिहून बोलतात, आणि आवाज गेल्यापासून जास्तच टोमणे मारतात. श्वासाचं यंत्र ज्या कंपनीचं, तिथंच माझा दादा त्या यंत्रांची अपडेट्स बनवतो. घरात त्याचं ऐकणारं ते यंत्र एकटंच.

मध्यंतरी यंत्राचा बोर्ड जळाला. कंपनीचा मेकॅनिक आला आणि चहा निवायच्या आत नव्या पद्धतीचा बोर्ड आणि पंप बसवून गेला. आईने त्याला देवमाणूस ठरवलं. नव्या बोर्डाची नोंदणी करायची म्हणजे सतरा परवानग्या. म्हणून ही मेकॅनिक मंडळी मेलेल्या बोर्डाचा नंबरच नव्यात भरून मोकळी होतात. सगळ्या वर्कशॉपची रीत. दादाला ती ठाऊक नव्हती. तो कंपनीत वरच्या मजल्यावर बसतो.

सुट्टीच्या दुपारी दादाने घरूनच सगळ्या यंत्रांना नवं अपडेट सोडलं. बाबांनी पाटी दाखवली: 'आधी मला. वशिला.'

अपडेट आधी बोर्डाला विचारतं, तू कोण? आमच्या बोर्डाने मेलेल्याची ओळख सांगितली. अपडेटने भाबडेपणाने नव्या पंपावर जुन्या पंपाचा कारभार बसवला. यंत्र बंद होऊन सुरू झालं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, 'अपडेट यशस्वी. आभारी आहोत.' पंप हललाच नाही.

आईने नळीला हाताने श्वास द्यायचा फुगा लावला आणि दाबत राहिली. जुनं सॉफ्टवेअर आपोआप परत येतं ना, मी विचारलं.

"सुरूच झालं नाही तर येतं," दादा म्हणाला. "हे तर मस्त सुरू झालंय."

मग त्याला सुचलं की यंत्राला नापास करायचं. सुरू होता होता वायर उपटायची. तीनदा नापास झालं की ते जुन्यावर जातं. जन्मभर आम्ही नापास झालो की पाठीवर पट्टी मोडणारे बाबा पांढरेफटक पडून बघत होते. तिसऱ्यांदा वायर उपटली, लावली, आणि पंप घरघरला.

आई म्हणाली, आता त्या देवमाणसाला फोन लावते.

"त्याने अशी किती घरं केली असतील?" दादा म्हणाला, आणि राहिलेली अपडेट्स थांबवायला धावला. गेलेली गेली होती.

त्याचा फोन वाजला. कंपनीचा तक्रार विभाग. वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला.

बाबांनी पाटी पुसली आणि लिहिलं: 'उचल. वायरीचं सांग.'