टँकरमधला र

"येवढ्यात मेथी संपली असंल बाजारातली," बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "आन् आपण निघालो रणगाडा आणायला. घरात परात ठेवायला जागा नाय."

रिक्षात आम्ही तिघं होतो. मधे मी, एका अंगाला सासूबाई मंगलाबाई, दुसऱ्या अंगाला सासरे कारभारीनाना. नानांना हे ऐकू गेलंच असणार, कारण त्यांचे कान अजून शाबूत आहेत. बिघडलंय ते उजवं मनगट. दिवाळीच्या आधी ओल्या फरशीवर पाय घसरला आणि हात खाली आला. यथावकाश प्लास्टर निघालं, पण बोटं मात्र अजून प्लास्टरमध्येच असल्यासारखी वागत होती. शर्टाची बटणं त्यांना लावता येईनात, आणि दुसऱ्या कुणी लावलेली त्यांना चालेनात. त्यामुळे नाना बंडीवर शाल पांघरून, उजवा हात मांडीवर उपड्या वाटीसारखा ठेवून दिवसभर बसून राहायचे.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी बजावलं होतं, "बोटांना बारीक काम द्या आजोबा, नाहीतर ही कायमची आखडतील. मणी ओवा, वाटाणे सोला." नानांनी एक संध्याकाळ वाटाणे सोलले. दुसऱ्या दिवशी वाटाणे दिसताच उठून अंगणात गेले.

तेव्हा आमच्या वेदिकाने जेवताना मोबाइल काढला. ही माझी लेक. कॉलेज संपलंय, नोकरी लागायचीय, आणि मधल्या काळात घरच्यांना कामाला लावते. "नाना, हे बघा. प्लास्टिकचे सुटे भाग मिळतात, ते जोडायचे, रंगवायचे. तुम्ही तुमचा स्वतःचा रणगाडा बनवा! एकाहत्तरच्या लढाईत चालवलात तोच!"

माझा नवरा ललित आमटीत काहीतरी शोधू लागला. बाईंनी माझ्या भरल्या ताटात आणखी भात वाढला.

त्याचं असं आहे. आमच्या मूळ गावी विंचूरला आणि इथे हिरावाडीतल्या कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे, की नाना मिलिटरीत टँक चालवायचे. आणि आमच्या घरात प्रत्येकाला आपापलं माहीत आहे, की नाना टँक नव्हे, पाण्याचा टँकर चालवायचे. हे कुणी कुणाला सांगितलेलं नाही. कुणी कुणाला विचारलेलंही नाही.

मला कळलं ते एका एप्रिलमध्ये. कॉलनीत पाणी घेऊन आलेली गाडी आमच्या बोळात अडकली. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. नानांनी ड्रायव्हरला खाली उतरवलं, धोतर सावरून वर चढले आणि ती भरलेली धूड गाडी पार कोपऱ्यापर्यंत उलटी नेली. भिंतीचा पोपडासुद्धा उडाला नाही. उतरताना ड्रायव्हरला म्हणाले, "भरल्या गाडीला गचकन ब्रेक मारायचा नाय. आतलं पानी पुढं धावतं." रणगाड्यात पाणी कशाला धावेल? मी फाटकाशी उभी होते, शेजारी ललित होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच म्हणालो, "ऊन फार आहे नाही?"

मग लढाईच्या गोष्टीही आठवून पाहिल्या. नानांना शत्रू कुठल्या बाजूला होता हे कधीच नीट आठवत नाही, पण बाडमेरच्या पुढे गोड्या पाण्याची विहीर कुठे होती, ते ते डोळे मिटून सांगतात.

तेव्हापासून आमच्या घरात टँकर हा शब्दच बंद झाला. पाणी आलं की आम्ही 'पाण्याची गाडी आली' म्हणतो. बाई तर त्याहून सावध. त्या स्वयंपाकघरातून ओरडतात, "ती ओली गाडी आली का गं?"

मला वाटायचं, तरुणपणी मारली असेल एखादी फुशारकी, मग ती अंगाला चिकटली. एवढ्याशाने माणूस काही वाईट ठरत नाही. पण त्या रात्री नानांनी वेदिकाच्या मोबाइलकडे वाकून पाहिलं, आणि कित्येक दिवसांनी त्यांचा उजवा हात आपण होऊन मांडीवरून उठून ताटाच्या कडेला आला. मी तेवढंच पाहिलं. म्हटलं, बोटं हलणार असतील तर रणगाडा काय, आगबोट आणू. फक्त दुकानात नानांची फजिती होता कामा नये. वेदिकाला तंबी दिली, "डबा निवडायचा आणि निघायचं. गप्पा नाहीत."

"मी कशाला गप्पा मारू?" ती म्हणाली. तिचा चेहरा इतका निरागस होता, की मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दुकान कॅनडा कॉर्नर चौकाजवळ एका तळघरात होतं. सिंहस्थाच्या कामासाठी रस्ता उकरून ठेवल्यामुळे रिक्षावाल्याने आम्हाला अलीकडेच सोडलं. वेदिका स्कूटीवरून पुढे पोचली होती. आम्ही जिना उतरतोय तोवर दुकानदार निजामभाई काउंटरमागून धावत आले, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला.

"या साहेब! बेटीने सगळं सांगितलं. एकाहत्तरचे टँक ड्रायव्हर माझ्या दुकानात! बसा, माझ्या खुर्चीत बसा."

मी वेदिकाकडे पाहिलं. वेदिकाने छताकडे पाहिलं. छतापर्यंत डबेच डबे होते. विमानं, जहाजं आणि एक अख्खी भिंत रणगाड्यांची. बाईंना वरचे डबे काढायचं स्टूल मिळालं. त्यावर त्या पिशवी मांडीवर घेऊन, दवाखान्यात बसल्यासारख्या बसल्या.

"पहिलाच किट आहे ना साहेब? मग घाई नाही करायची," निजामभाई सुरू झाले. "लोक पहिल्यांदा येतात आणि छोटा मागतात. मी देत नाही. बहात्तरपट लहान केलेला रणगाडा तळहातावर मावतो, पण त्याचे भाग म्हणजे तिळगुळातले तीळ. चिमट्यातून उडाला की फरशीवर झोपून शोधा. तुम्ही पस्तीसपट लहान घ्या. म्हणजे साधारण पोळपाटावर बसेल येवढा. बोटात धरता येतं सगळं."

"पोळपाट मी देनार नाय," स्टुलावरून आवाज आला.

"आणि भाभी, पट्टा बघायचा," निजामभाईंनी माझ्याकडे वळून सांगितलं. "चाकांवरून फिरतो तो. काही कंपन्या त्याची एकेक कडी सुटी देतात. दोन्ही बाजू जोडेपर्यंत माणूस किट खिडकीतून फेकतो. आपण अखंड रबरी पट्टावाला घेऊ. चाकांवर चढवला की काम झालं." त्यांनी शिडीवर चढून एक भला थोरला डबा काढला. "हौस असेल तर हासुद्धा आहे. याला आतलंही सगळं आहे. इंजिन, ड्रायव्हरची सीट, दांडे, गोळे..."

"आतलं नको!" नाना इतक्या चटकन म्हणाले की निजामभाई शिडीवरच थांबले.

मग त्यांचा चेहरा उजळला. "क्या बात! अनुभवी माणूस असाच बोलतो. वरचं झाकण चिकटवलं की आतलं कोण बघतं?"

"कुणी बघूच नये," वेदिका म्हणाली.

मी तिच्या पायावर पाय दिला. तिने माझ्याकडे पाहून हळूच एक भुवई उचलली. म्हणजे हिलाही माहीत होतं तर! आता पोरीला रागवावं की कुशीत घ्यावं, ते मला कळेना.

पुढचा डबा जर्मन रणगाड्याचा होता. त्यावरच्या चित्रात बर्फ, आग आणि धूर. "हा सगळ्यात खपतो," निजामभाई म्हणाले.

नानांनी मान हलवली. "हा कधी आमच्याकडं आला नाय."

"तुमच्याकडे?"

"म्हणजे आपल्या सैन्यात," मी म्हटलं. "नानांना म्हणायचंय, आपल्याकडे नव्हता."

"अर्थात, अर्थात. मग आपलाच काढतो." निजामभाईंनी खालच्या फळीवरून एक डबा ओढला, बाहीने धूळ पुसली आणि नानांसमोर ठेवला. चित्रात गोल, बसकं डोकं असलेला हिरवा रणगाडा होता. "टी पंचावन्न. रशियन. एकाहत्तरला आपल्याकडे होता. जपानी कंपनीचा किट आहे, भाग एकमेकांत असे बसतात, की वाटतं आपणच हुशार. पट्टाही अखंड. पहिल्यासाठी याच्यासारखा नाही."

नानांनी शालीतून डावा हात काढून चित्रावर ठेवला. मग म्हणाले, "हा."

"हाच?"

"याच्या मागच्या अंगाला डिझेलची दोन पिंपं असायची. पोरं त्याच्यावर बनियन वाळत घालायची. आन् इकडं, चाकांच्या वर पत्रा हाय ना, तिथं पोरांचे रिकामे मग मांडून ठेवलेले असायचे वळीनं. आमी येईपर्यंत."

"कुठून येईपर्यंत?" निजामभाईंनी विचारलं.

"चहा घेऊन," वेदिका म्हणाली. हे उत्तर कुठल्याच प्रश्नाचं नव्हतं, पण ते चालून गेलं.

निजामभाई आता काउंटरवर कोपरं टेकून रंगात आले होते. "साहेब, एक शंका आहे, कित्येक वर्षांची. आज साक्षात माणूस समोर आहे म्हणून विचारतो. याच्यात ड्रायव्हर नेमका कुठल्या बाजूला बसायचा?"

नानांनी थोडा विचार केला. "जागा मिळंल तिथं."

मला ठसका लागला. ललित असता तर त्यालाही लागला असता. वेदिकाने मला पाणी पाजलं आणि तेवढ्या वेळात स्वतःचं हसू बाटलीच्या झाकणात बंद केलं. निजामभाई मात्र खो खो हसले. "साहेब मस्करी करतात! फौजी माणूस!"

तोवर नानांनी डबा उघडला होता. आत हिरव्या प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटी होत्या, आणि त्यांना कैऱ्या लटकाव्यात तसे सगळे भाग लटकलेले. नमुना म्हणून निजामभाईंनी कटरने एक चाक कापून नानांपुढे धरलं. नानांनी ते घेतलं. उजव्या हाताने. अंगठा आणि पहिलं बोट, त्यांच्या मध्ये ते रुपयाएवढं चाक, आणि ते पडलं नाही. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं.

मी बाईंकडे पाहिलं. बाई त्या बोटांकडेच बघत होत्या. मेथीचं नाव आता त्यांच्या तोंडी नव्हतं.

"झालं मग," निजामभाई म्हणाले. "हा पहिला किट, आणि पहिला फोटो! साहेब, डबा हातात धरा. आमचा ग्रुप आहे, दर रविवारी इथेच जमतो. मी टाकतो, 'एकाहत्तरचे टँकवीर आपल्या भेटीला.' येत्या रविवारी तुम्ही बोलायचं. देवळालीचे एक रिटायर्ड कर्नलसाहेब येतात, त्यांचं आयुष्य रणगाड्यात गेलं. तुम्हा दोघांना समोरासमोर बसवतो. काय मजा येईल!"

चाक टपकन काउंटरवर पडलं आणि घरंगळत जाऊन गोंदाच्या बाटल्यांना टेकलं.

नानांनी चौकटी पुन्हा डब्यात रचल्या. झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून डाव्या हाताने दाबून बसवलं. उजवा हात शालीत गेला होता.

"नको," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "सविता, मणी घे वाटंत कुठं मिळाले तर. मणीच बरे. चला घरी."

"साहेब, माझं काही चुकलं का?" निजामभाई कावरेबावरे झाले.

"नाही हो, तुमचं काही नाही," मी म्हटलं. "त्यांना जरा बरं नसतं, रविवारी आमच्याकडे पाहुणे आहेत, शिवाय डॉक्टरांनी..." तीन सबबी मी एकाच वाक्यात कोंबल्या. वेदिकाच्या चेहऱ्यावर खोडकरपणाचं नाव उरलं नव्हतं. ती रडवेली होऊन डबा धरून उभी होती. नाना जिन्याकडे वळले. मनात आलं, आता हा हात पुन्हा त्या शालीतून बाहेर यायचा नाही. आणि खरं सांगावं, तर ज्यांचा मान राखायला आम्ही इतकी वर्षं तोंडं शिवून बसलो, त्यांच्यासमोर, त्यांच्याबद्दल, ते मी कसं सांगू?

"थांबा जरा," बाई म्हणाल्या.

नाना थांबले. बाई स्टुलावरून उठल्या, पिशवी स्टुलावर ठेवली, पदर सारखा केला आणि काउंटरपाशी आल्या.

"भाऊ, तुमच्या त्या करनलला हे नीट सांगा. माझं लग्न झालं तवा आमच्या घरात चार जावा होत्या. हिचा नवरा पोलिसात, तिचा मास्तर. मला इचारायच्या, तुझा काय चालवतो गं मिल्ट्रीत? आन् अशा हसायच्या, की मला घास उतरत नव्हता. एक दिवस मी सांगून टाकलं. लढाईनंतर हे सुट्टीवर आले, तर स्टँडवर निम्मं विंचूर हार घेऊन उभं. यांना काय ठाऊकच नाय. यांनी गर्दीत माझ्याकडं बघितलं, माझं तोंड बघितलं, आन् गपचिप मान खाली करून हार घालून घेतला. त्या दिसापास्नं आजपर्यंत मला एका शब्दानं बोलले नाय."

"मंगला, जाऊ दे," नाना म्हणाले.

"का जाऊ दे? बोटं आखडून चालली तुमची." बाईंनी वेदिकाच्या हातातला डबा घेतला आणि काउंटरवर निजामभाईंच्या पुढ्यात ठेवला. "बांधा हा. यांनी टँक नाय चालवला, भाऊ. टँकर चालवला. पान्याचा टँकर. त्याच्यातला र मी खाल्ला."